पंडितच्या सहीशिवाय हा कागद पुरा नाही

मी, लीलाधर दगा पाटील, वय सहासष्ट, फौजेतून निवृत्त हवालदार, राहणार बुधवारा, बऱ्हाणपूर, पूर्ण शुद्धीत आणि आज भलत्याच खुशीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. अक्षर हलले आहे ते आनंदाने. आजाराचा संशय घेऊ नये.

१. बुधवाऱ्यातले घर पत्नी सोजरबाईचे. तिच्या पश्चात मुलगा धर्मेंद्र व मुलगी प्रतिभा यांना निम्मे-निम्मे. प्रतिभा "नको दादा" म्हणेल; तिचे ऐकू नये.

२. फोपनारची तीन एकर केळी धर्मेंद्रला. बांधावरून भांडू नये. घराण्याची भांडणे मी एकट्याने उरकली आहेत.

३. बालमित्र पंडित महाजन, निवृत्त मास्तर, फोपनार, याच्यावरचा चौतीस वर्षांचा राग कोणालाच देत नाही. तो रद्द!

नव्वद साली आमची फौज श्रीलंकेतून परतली. पंडितने फोपनारच्या वेशीवर पाटी लावली: "आमचे जवान माघारी आले." फौजेत बोलून बोलून माझा दिमाग हिंदी झालेला. मी वाचले, माघार घेतली! वर तो म्हणाला, "परक्याच्या लढाईतून सुटलो. आता इथं बॉम्ब फुटणार नाही." पुढच्याच वर्षी तामिळनाडूत फुटला, माजी पंतप्रधान त्यात गेले. मी त्याच्या अंगणात जाऊन ओरडलो, "बोल, माघार घेऊन वाचला का देश?" तो म्हणाला, "गेलोच नसतो तर?" तेव्हापासून बोलणे बंद.

आज सकाळी सोजरबाई फोनवर प्रतिभाला म्हणाली, "इच्छापूरहून माघारी येताना घरी ये गं." मी उडालोच! माघारी म्हणजे नुसते परत! अरे देवा, तो माणूस मी जिवंत आलो म्हणून नाचत होता, आणि मी गाढव!

४. मूळ वादावर माझे मत कायम. आपण परत फिरलो म्हणून समोरच्याचा राग परत फिरत नाही. पण आम्ही तिथे गेल्यानेही काही राग पेटला, हे पंडितचे खरे. माझे दोन सोबती तिथेच राहिले. त्यांच्यासाठी वापसी फार उशिरा झाली.

५. माझा रेडिओ पंडितला द्यायचा होता. वकील म्हणाले, साक्षीदाराला वाटा ठेवू नका. रेडिओ की सही? सही! रेडिओ प्रतिभाला. धर्मेंद्र गाडी घेऊन फोपनारला गेला आहे. पंडित आला नाही, तर दुसरा साक्षीदार मी घेणार नाही.

ठिकाण: बुधवारा, बऱ्हाणपूर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५
सही: लीलाधर दगा पाटील

साक्षीदार १: अनंत वाणी, शेजारी

साक्षीदार २: पंडित महाजन. लीलाधरने माझ्यादेखत सही केली. कलम चार अर्धे चूक आहे. उद्यापासून रोज येऊन समजावीन.