काळू नावाड्याची आई

द्वारका, नाशिक
१४ ऑक्टोबर २००६

प्रिय धनराज,

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकला असशील. आधीच सांगते, तुझा पत्ता मी कुणालाही दिलेला नाही. दोन वर्षांपूर्वी साइटचे पासवर्ड पाठवलेस त्या पाकिटामागे होता, तो तसाच माझ्या खणात आहे. ईमेलला तू उत्तर देत नाहीस, म्हणून हा पोस्टाचा खटाटोप.

आपलं सातवड अजून नांदतंय. साइटवर एकेक पात्र घेऊन लिहीत खेळायचं पडद्यावरचं गाव, ना रस्ता ना नळ, तरी एकशे चाळीस जणांनी नाव नोंदवलंय. त्यातले पंचवीस-तीस रोज लिहितात, बाकीचे नुसते पारावर बसून वाचतात. तुझ्या काळू नावाड्याची नाव मी काठाला बांधून ठेवली आहे, कुणाला हात लावू देत नाही. आणि मी अजून वेशीवरची रखमाआजीच. नवा माणूस आला की नाव विचारायचं, पिठलं-भाकरी वाढायची, पात्राची कृती लिहिताना दोन्ही बाजूंना चांदणी (*) लावायची हे शिकवायचं, दुसऱ्याचं पात्र परस्पर मारायचं नाही हे बजावायचं. शिवाय तू घालून दिलेला नियम : पहिला महिना नवख्याच्या चुकीला कुणी हसायचं नाही. तो मी डोळ्यांत तेल घालून पाळते.

जूनमध्ये वेशीवर एक बाई आली. इंग्रजी अक्षरांत, अडखळत लिहिलेलं तिचं पहिलंच वाक्य होतं, मी काळूची आई, काळू कुठे आहे? अरे, गाव खूश झालं! पहिल्याच दिवशी एवढं तयारीचं पात्र घेऊन आलेला नवखा आम्ही पाहिला नव्हता. मीच सगळ्यांना म्हटलं, बाईंना साथ द्या. मग काय, कुणी लिहिलं काळू पैलतीरी दिसला, कुणी लिहिलं जत्रेत रेवड्या घेत होता. ती प्रत्येकाला विचारायची, अंगात स्वेटर होता का, खोकला गेला का, जेवल्यासारखा दिसत होता का. आम्ही म्हणायचो, काय बारकाई आहे! सातवडच्या काळात स्वेटर नसतो, घोंगडी लिहा, असं मी तिला मोठ्या प्रेमाने समजावलं. माझ्या शहाणपणाची तुला कल्पना आहेच.

ऑगस्टमध्ये लोहाराचं पात्र करणाऱ्या ओमला कथेत रंगत हवी होती. तू गेलास म्हणजे काळू बेवारस, असं धरून त्याने काळूला मगरीने डोहात ओढून नेल्याचं लिहिलं. त्यावर बाईंचं उत्तर आलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा सायबर कॅफे उघडायला गेले तर पायरीवर एक बाई बसलेली, एकलहऱ्याहून पहिली बस धरून आलेली. स्वागताच्या मजकुरात मी कॅफेचा पत्ता देतेच. हातात घडी घातलेला छापील कागद. मला म्हणाल्या, "पोरी, हे मगरीचं खरं हाय का?"

धनराज, तुझ्या आईला मी तोवर पाहिलं नव्हतं. पण कपाळ तुझंच. मी त्यांना आत नेऊन बसवलं.

बापलेकाच्या भांडणात अण्णांनी तुझा मॉनिटर अंगणात आपटला आणि तू घर सोडलंस, एवढं मला ठाऊक होतं. पुढचं तुझ्या आईने सांगितलं. तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर साइटचं नाव होतं, खाली काळू नावाडी. तेवढ्यासाठी त्यांनी पन्नाशीत नाशिकरोडला एमएससीआयटीच्या क्लासला नाव घातलं, पोरीसोरींच्या रांगेत बसून माउस धरायला शिकल्या. तू तिथे राहतोस, कुणीतरी पत्ता सांगेल, असं त्यांना वाटलं होतं. अडीच महिने त्या खरं विचारत होत्या आणि आम्ही खोटं सांगत होतो, तेही कौतुकाने. मला आजही लाज वाटते.

तू सुखरूप आहेस, एवढंच मी त्यांना सांगितलं. कुठे ते सांगायचं नाही अशी तुझी शपथ आहे म्हटलं. त्यांनी एकदाही आग्रह केला नाही. चहा घेतला, पदर सावरला आणि म्हणाल्या, "मग नव्या माणसाला आधी सांगत जा ना, काय खोटं नि काय खरं. माझ्यावानी कुणी आलं तर?"

तेव्हापासून वेशीवर माझ्याबरोबर तुझी आई, आमच्या विमलाबाई, असतात. नवखा आला की पहिलं वाक्य त्यांचं : मगर खोटी, भाकरी खोटी, बोलणारी माणसं खरी. दुसरं वाक्य : घरी कळवलंस का? पोरं कुरकुरतात, पण दोघांनी खरंच घरी फोन केले. चांदण्या त्या अजून चुकीच्याच जागी लावतात.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात 'पाहुणा' या नावाने कुणीतरी नोंद केली आहे. रोज संध्याकाळी वेशीपर्यंत येतो, वाचतो, एक अक्षर न लिहिता जातो. साइटची चालक म्हणून मला त्याचं गाव दिसतं : बंगळूर, तुझ्या पाकिटामागे आहे तेच. विमलाबाईंना ते दिसत नाही, आणि मी सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, नवा आहे, बुजतोय. म्हणून त्या रोज त्याच्यासाठी लिहितात, ये बाबा, बस, घाई नाही. तू ते वाचतोस, मला माहीत आहे. शपथ मी मोडणार नाही. पण एक ओळ लिही, धनराज. काय लिहावं सुचत नसेल तरी लिही. पहिल्या महिन्यात चुकीला कुणी हसत नाही.

तुझीच,
ज्योत्स्ना