आम्ही की मी

मंगळवार, संध्याकाळ. डोंबिवली.

उद्या कोलशेतच्या कंपनीत इंटरव्ह्यू. आज कॉलेजात सरांनी सराव घेतला. "तीन वर्षांत काय शिकलीस?" मी म्हटलं, "आम्ही शहाडच्या दुकानदारांचा सर्वे केला." सर वैतागले. "आम्ही नको गं, मी म्हण!"

खरं तर सर्वे माझाच. फर्स्ट इयरला वर्गात तोंड न उघडणारी मी शहाडला चाळीस दुकानं एकटी फिरले. स्नेहल पार्टनर होती, पण ती तेव्हा गावाला गेलेली. तिला वाईट वाटू नये म्हणून 'आम्ही' म्हणायचे. मग सवयच लागली.

आत्ता तिचा फोन आलेला. उद्या तीही आहे. "अगं, माझं उत्तर ऐक ना. मी शहाडची चाळीस दुकानं एकटी फिरले..."

बोलायला हवं होतं ना? आणि मी काय म्हटलं? "छान आहे गं."

मग शिकले काय तीन वर्षांत?

आरशासमोर दहा वेळा 'मी' म्हणून बघितलं. जमतं. पण तिचा नंबर दहाला, माझा साडेदहाला. साहेब तेच, चाळीस दुकानं तीच. खोटी मीच ठरणार.