मसाल्याच्या डब्यातले तीळ

खलिफा सिटी, अबुधाबी

चि. रामेश्वर,

आज पत्रावर श्री लिहवलं नाही, समजून घे. आई जेवते का? तिला सांग, मी वेळेवर खातो, सरांच्या घरी माझ्या खोलीला एसी आहे.

पुढचं मात्र तिला वाचून दाखवू नकोस. फोनवर हे बोलवत नाही.

बाबा गेले तेव्हा माझा पासपोर्ट इटलीच्या व्हिसासाठी जमा होता, म्हणून येता आलं नाही, असं मी सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण सर म्हणाले होते, "धनंजय, तुझा अर्ज मागे घेऊ, दोन दिवसांत पासपोर्ट मिळेल." मीच नको म्हणालो. अग्नी तू दिलाच होतास. आणि मलाही न्या म्हणून मॅडमच्या मागे मीच लागलो होतो. बाबांनीही गावभर सांगितलं होतं, पोरगा विलायतेत स्वयंपाकाला चाललाय.

पासपोर्ट नेमका तेराव्याला हातात आला. परवा निघतो. इटलीत ओर्चा नदीचं खोरं आहे, द्राक्षाचे मळे, जुनी गावं. मॅडम मुलांना फोटो दाखवतात, मी वरण ढवळत मागून बघतो. तिथे सगळ्यांना तिथलंच खायचंय, वरणभात फक्त सरांच्या आईसाठी.

मसाल्याच्या डब्यात मोहरीच्या वाटीखाली काळे तीळ घेतलेत. त्या नदीत उभा राहून बाबांना तीळपाणी देईन. परक्या नदीतलं पोचतं का, गुरुजींना विचार.

नाही म्हणाले, तर मला कळवू नकोस.

तुझा दादा,
धनंजय