खांबच्या माश्यांचं अठरावं गुणसूत्र

पेण,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय हफ्सा,

सलाम. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, असं धरून लिहिते. अम्मींचा गुडघा कसा आहे? तुझी अक्सा आता शाळेत जात असेल. इकडे सगळे बरे. धाकट्या रितेशला डोलवीच्या कंपनीत काम लागलं, त्याच्या शिफ्टप्रमाणे आमच्या घरात जेवणाच्या वेळा बदलतात. तू रोह्याला विज्ञान शिकवतेस, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. तासाभराच्या वाटेवर राहून चार वर्षांत आपण एक शब्द बोललो नाही.

गेल्या गुरुवारी एक अहवाल आला. आपल्या बिनडंखाच्या मधमाश्यांच्या बारा वसाहतींचे नमुने मी बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले होते. पेशीत डीएनए किती, म्हणजे जीनोम केवढा, एवढंच त्यांनी मोजायचं होतं. अकरा वसाहतींचं माप जवळजवळ सारखं निघालं. बारावीचं जास्त. ती खांब गावची, तुझ्या हसनचाचांच्या विजेच्या मीटरच्या पेटीतली. एखाद्या माशीचं नाही, तपासलेल्या सगळ्या माश्यांचं जास्त. मी कागद पालथा ठेवला आणि जाऊन हात धुतले. कशाला, ते आता सांगता येत नाही.

मग कपाटातून तुझ्या जुन्या स्लाइड काढल्या. नरांच्या पेशीत गुणसूत्रांचा एकच संच असतो, मोजायला सोपा, म्हणून तू हट्टाने नरच घेतले होतेस. सतरा मोजली. कडेला बारीक, बाकीच्यांच्या पावपट, अठरावं. पुढची पेशी, तेच. तीस पेशी पाहिल्या. सगळ्यांत अठरा.

तू हेच सांगत होतीस. आपल्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या होत्या, तो स्लाइडला लावलेल्या रंगाचा कण आहे. रंगाच्या कणाने डीएनए वाढत नाही, हफ्सा.

~~त्या वेळी मायक्रोस्कोप जुना होता. मलाही नीट दिसलं नसणार.~~

वरच्या दोन ओळी मी खोडल्या आहेत. पान बदललं नाही, कारण अजूनही मी हेच लिहायला जाते हे तुला दिसायला हवं.

शनिवारी खांबला गेले. माश्या आहेत. पेटीच्या भोकाशी राळेची नळी अजून तशीच. चाचांनी वीजवाल्यांना दोनदा परत पाठवलं म्हणे. नवा मीटर भिंतीच्या दुसऱ्या बाजूला लावून घेतला, पण ही पेटी हलवू दिली नाही. मला चहा दिला, तुझी चौकशी माझ्याकडेच केली. मग म्हणाले, "हफ्सा येते, पण माश्यांकडं बघत नाय गो. मी विचारलं तर म्हणाली, चाचा, मला मोजताच येत नाय."

तू स्वतःबद्दल असं समजून बसली असशील, हे चार वर्षांत माझ्या मनातही आलं नव्हतं. मला वाटायचं, तू आमच्यावर रागावली आहेस. तुझा राग मला परवडत होता.

चार वर्षांपूर्वी त्या दिवशी मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, की हफ्साने हवा तो आकडा लिहिला का, आणि मला मायक्रोस्कोपवर बसवलं. मी डोळा लावला. तू माझ्या मागे उभी होतीस. मला अठरा दिसली. अगदी स्वच्छ. पीएचडीची जागा एक होती आणि आपण दोघी. मी म्हणाले, "सतरा." मी एवढं ठामपणे सांगितल्यावर तुलाच तुझ्या डोळ्यांची शंका आली, हे शनिवारी खांबला कळलं.

काल मॅडमना सगळं सांगितलं, विभागातले सगळे असताना, त्याच खोलीत. त्या चष्मा काढून स्वतः मोजायला बसल्या. पाच पेशी झाल्यावर म्हणाल्या, "मी तेव्हाच बसायला हवं होतं. तिला मी एकदाही म्हटलं नाही, की चल, आपण मिळून मोजू." सतराच्या आकड्यावर छापलेला आमचा शोधनिबंध दुरुस्तीला जातोय. माझा प्रबंध मी मागे घेतला. त्यातलं खांबचं प्रकरण तुझं आहे, तुझ्या नावाने होईल, तू हो म्हणालीस तरच. मॅडम तुला वेगळं लिहिणार आहेत.

सोबत पाच पेशींचे फोटो आहेत. मागे आकडा लिहिलेला नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. उजेडात धर आणि स्वतः मोज.

माफी मागत नाही. ती मागितली, की तुलाच काहीतरी द्यावं लागेल.

तुझ्या डोळ्यांवरून तुझाच विश्वास उडवणारी,
अनिता