भागीचा सांगावा

ता. ६ जानेवारी १९०४
सकाळी धाकट्या भावाची, धोंडूची बायको गेली. भागी. नुसत्या तापाने. मातीला देऊन आलो तोच पाटलाचा गडी हजर. "धोंड्या, पाटलाचं चुलतं ग्येलं. आवसरीला त्येंच्या लेकीकडं सांगावा ने." यंदा वेसकरकीची, गावकीच्या राबणुकीची पाळी धोंडूची. उठला, घुंगुरकाठी घेतली. डोळे कोरडे. मीच म्हणालो, "रडायचं न्हाई. पलटणीतल्या माणसाचा भाऊ हायेस." मोठं शहाणपण माझं. आमच्या लोकांना पलटणीची भरती बंद होऊन वर्षं झाली.

ता. ७
धों. परत. आवसरीत अंगणाबाहेर उभा राहून हाक दिली आणि बोलला काय, तर "भागी गेली." कोण भागी, म्हणून लोक विचारत राहिले. ह्याला पाटलाच्या चुलत्याचं नावच आठवेना. लेक उशिरा पोचली, बापाचं तोंड दिसलं नाही. पाटलाच्या थोरल्या पोराने चावडीपुढे धों.ला जोड्याने मारलं. मी तिथेच, पलटणीचा कोट घालून. जागचा हललो नाही.

घरी म्हणाला, "लागलं न्हाई, दादा." त्याचीच भीती वाटते.

ता. १०
जेवत नाही. काठीचे घुंगरू पुसत बसतो. डिंभ्याला, भागीच्या माहेरी, तिच्या आईला अजून कळवलेलं नाही. गावाच्या मयतांचे सांगावे आम्ही न्यायचे, आमचा कोण नेणार? माझा पाय पलटणीतच अधू झाला, वेशीपलीकडे चालवत नाही. धों. "उद्या जातो" म्हणतो, आणि...

त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेलो. ठेवला नाही. उगाच काठी उचलून बघितली.

ता. १३
पुन्हा गडी. पाटलाच्या शेजारची म्हातारी गेली, तिचा भाऊ डिंभ्यात. "या बारीला नीट सांग रं."

धों.कडून घोकून घेतलं, कवायतीसारखं. बिनचूक म्हणाला. मग विचारलं, "आन् भागीच्या आईला?"

त्याने काठी भुईला टेकवली. "मला न्हाई व्हायचं, दादा. तू चल. तू सांग, मी निस्ता हुबा ऱ्हातो."

माझा पाय. पण जीभ तर धड आहे. म्हणायचं होतं, बस, रड, मीही रडतो. तोंडातून निघालं, "बाप्यागत जा."

गेला. ओढ्यापर्यंत घुंगरू ऐकू येत होते.

दिवस मावळला. अजून आला नाही. डिंभ्यात शिरताना भागीच्या आईचं दार पहिलंच लागतं.