तटाबाहेरची घरं

लेअर, उत्तर जर्मनी, ३ नोव्हेंबर
कॉम्प्युटरवरच्या खेळात नवं ग्रीक शहर वसवायला घेतलं. आधीची दोन जळाली. दोष नगररचनेचा. तीही माझीच म्हणा, पण तेव्हा घाई होती. लेक विबके दारातून ओरडली, "बाबा, जेवण गार होतंय!" स्वयंपाकघराशेजारची ही उबदार खोली मी सोडणार नाही. इथून आता आडवाच निघेन.

५ नोव्हेंबर, दुपार
गोम सापडली. चौकातल्या मोक्याच्या जागा म्हाताऱ्यांच्या झोपड्यांनी अडवल्यात. म्हातारे खातात, लढत नाहीत. तिथे श्रीमंतांचे बंगले बांधले तर प्रत्येक बंगल्यामागे भालाईत मिळतात. झोपड्या पाडल्या. म्हातारे तटाबाहेर.

८ नोव्हेंबर
समुद्राकडून हल्ला! शत्रू तटाबाहेरची घरं लुटत बसला, तोवर माझे भालाईत तयार. दणदणीत विजय. जावई एन्नो खुर्चीमागे उभा होता. "आणि ते म्हातारे, बाबा?"
म्हटलं, "अरे, त्यांचाही उपयोग झालाच की! शहर चालवायचं तर मन घट्ट करावं लागतं."
पोरानं पहिल्यांदाच माझं मन लावून ऐकलं. शिकेल हळूहळू.

१२ नोव्हेंबर
विबकेला जुळं होणार! डोळे भरून आले. घर लहान पडेल म्हणाली. लगेच आराखडा दिला: बाळं माळ्यावर, एन्नोचं ऑफिस कोठीत, मी आहे तिथेच. सेनापती मध्यभागी हवा.
एन्नो म्हणाला, "मोक्याची जागा आहे, बाबा."
दाद देतो पोरगा.

२० नोव्हेंबर, चहाच्या वेळी
एन्नोनं वृद्धाश्रमाचे फोटो दाखवले. गावाबाहेर, पार समुद्राच्या बांधापाशी. मी हसलो. विबकेकडे पाहिलं. ती कपातली खडीसाखर ढवळत राहिली. मग हळूच म्हणाली, "मन घट्ट करावं लागतं ना, बाबा."
मी आणखी चहा मागितला. एन्नोनं माझ्या कपात चमचा उभा केला. आमच्याकडे याचा अर्थ, चहा पुरे.

१ डिसेंबर
नव्या चौकीवर रुजू. खोली चिमुकली, पण खिडकी थेट समुद्रावर. शत्रू आला तर पहिला मला दिसणार. असली जागा एन्नो ऐऱ्यागैऱ्याला देईल होय? कॉम्प्युटर तिकडेच राहिला. विबके रविवारी आणते म्हणाली.

७ डिसेंबर, रविवार
सकाळपासून खिडकीत. दाढी केली, चांगला स्वेटर घातला. भेटीची वेळ संपली.
कोणी आलं नाही. शत्रूसुद्धा नाही.