आत बर्फ आहे

चिंचवड,
१२ जानेवारी १९७७

श्री. जयसिंगराव यांस मुकुंद सप्रे याचा नमस्कार.

आपण सर्व मंडळी खुशाल असाल. सौ. कस्तुराबाईंचा गुडघा थंडीत त्रास देत असणार. इकडे आम्ही ठीक आहोत.

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. आपला संबंध संपून अडीच महिने झाले आणि तो काही बरा संपला नाही. तुम्हाला काढल्यानंतर गेस्ट हाउसच्या स्वयंपाकघरात बबनराव आले आहेत. वरण-भात, भाज्या उत्तम करतात, पण मांसाला भितात. "साहेब, तुम्ही सांगाल तेव्हा उतरवतो," असं म्हणून माझ्याकडे बघत उभे राहतात. त्यातून कंपनीचा नवा हुकूम निघाला आहे, की परदेशी पाहुण्यांना वाढण्याआधी मांस शिजल्याची खात्री व्यवस्थापकाने स्वतः करायची. व्यवस्थापक म्हणजे मी. अंड्याचा वास आला तरी मी खिडकी उघडतो, हे तुम्हाला माहीत आहे.

चव घेऊन खात्री करणं मला जमणार नाही. म्हणून थर्मामीटर वापरायचं ठरवलं. आधी अक्कल गहाण टाकून घरातला तापाचा थर्मामीटर नेला आणि कोंबडीत खुपसला. पारा एकशे आठला भिडला आणि काच फुटली. अख्खी कोंबडी पाऱ्यासकट पुरावी लागली. आमची ही, म्हणजे सुमेधा, म्हणाली, "आता मुलांना ताप आला की कोंबडीला विचारून येत जा."

मग टूलरूममधल्या गुरुदत्तला गाठलं. तो मोजमापाच्या खात्यात आहे. म्हणाला, काचेचं काही घेऊ नका, पोलादी काडीचं आणि वर तबकडी असलेलं बघा. रविवारी पुण्याला जुन्या बाजारात गेलो. तिथे तीन मिळाले. एकाची तबकडी तीनशे अंशांपर्यंत, म्हणजे दोन रेघांमध्ये दहा अंश. त्यावर काय कळणार? दुसरं दिसायला देखणं, पण काडी पेन्सिलीएवढी जाड. खुपसली की कोंबडीचा सगळा रस वाहून जायचा. तिसरं सगळ्यांत स्वस्त, बावीस रुपयांचं. काडी दाभणाएवढी, आकडे एकशे वीसपर्यंत, पाठीमागे काटा सरकवायला चिमुकला नट. तेच घेतलं.

आता विचारायचं ते हे. अख्खी कोंबडी शिजली हे तुम्ही कशावरून ओळखत होता? देहूरोडच्या लष्करी मेसमध्ये वीस वर्षं घालवलेल्या माणसाला मी हे विचारतो आहे आणि तेही आता, याची मला लाज वाटते. तरी उत्तर द्यावं.

आपला,
मु. वि. सप्रे


चिंचवड,
२ फेब्रुवारी १९७७

जयसिंगराव, नमस्कार.

कार्ड पोचलं. तुम्ही लिहिलंत, "मांडी आन् छातीच्या मधी बोट दाबून बगा. सुईचं मला ठावं न्हाई. माझी याद आली म्हंजे तुमची कोंबडी कच्ची ऱ्हायली आसंल." मी ते दोनदा वाचलं आणि हसलो. मग हसू गेलं.

तुमचं बोट माझ्याकडे नाही, तेव्हा सुईचंच सांगतो. आधी ती खरं बोलते का ते पाहिलं. भांड्यात बर्फ कुटून थोडं पाणी घातलं आणि काडी बुडवली. काटा तीनवर थांबला. नट फिरवून शून्यावर आणला. मग उकळत्या पाण्यात धरली तर अठ्ठ्याण्णव. मी दुकानदाराच्या नावाने बोटं मोडायला लागलो, तेव्हा गुरुदत्त म्हणाला, "काट्याला शिव्या देऊ नका. आपण उंचावर राहतो, आपलं पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं." एवढी वर्षं चहा पितो आहे, पण हे ठाऊक नव्हतं.

नंतरच्या चुका माझ्या. काडी वरवर टोचली तर आकडा भलताच चढतो. हाडाला टेकली तरी फसवते. मांडीच्या जाड भागात आडवी, हाडापासून दूर सरकवायची आणि काटा थांबेपर्यंत थांबायचं. मला थांबायची सवय नाही. पंचाहत्तरच्या वर गेला की उतरवायची, असं गुरुदत्तने कुठल्याशा पुस्तकात बघून सांगितलं. काडी दर वेळी गरम पाण्याने धुतो, नाहीतर कच्च्याचं शिजलेल्याला लागायचं.

हे सगळं माझ्या हातांनी करतो. मांसाला हात न लावता त्रेपन्न वर्षं काढली. आता घरी जाऊन आंघोळ करतो आणि मग ताटावर बसतो.

तुम्ही आळंदीला एका धर्मशाळेत पोळ्या लाटता असं बबनरावांकडून कळलं. तुमच्या गावच्या जत्रेचं मटण यंदा दुसऱ्याला दिलं हेही कळलं. सतरा वर्षं ते तुमच्याकडे होतं ना? लोक म्हणतात, सायबांना आजारी पाडणाऱ्याच्या हातचं कोण खाणार. बबनरावांनी हे सहज सांगितलं. मी भाजीच्या हिशेबात डोकं घालून बसलो.

त्या रविवारबद्दल लिहायचं होतं. आंतरदेशीय पत्राची जागा भरत आली. कस्तुराबाईंना नमस्कार.

आपला,
मुकुंद सप्रे


चिंचवड,
२२ फेब्रुवारी १९७७

जयसिंगराव,

या वेळी कोरे कागद घेऊन बसलो आहे, म्हणजे जागा नाही असं म्हणता येणार नाही.

परवा रविवारी गेस्ट हाउस रिकामं होतं. शनिवारी मी स्वतः एक कोंबडी आणली, त्या दिवशीच्याच वजनाची, आणि रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. रविवारी सकाळी बाहेर काढली आणि त्या दिवशी ओव्हनमध्ये होती तेवढाच वेळ, सव्वा तास, भाजली. कातडी छान तांबूस झाली, चकाकत होती. मांडीत काडी घातली. काटा एक्केचाळीसवर उभा राहिला. मी तबकडीवर टिचकी मारली. तो हलला नाही.

परत आत ठेवली आणि घड्याळ लावून बसलो. पाऊण तासाने अठ्ठ्याहत्तर.

पाऊण तास. तुम्ही हाच शब्द वापरला होता.

मला सगळं आठवतं. ते तिघे साहेब शनिवारी जेवायचे होते, पण लोणावळ्याला गेले. कोंबड्या बर्फात ठेवायला मीच सांगितलं. रविवारी एक वाजता ते टेबलाशी बसले. एक वाजून दहा मिनिटांनी तुम्ही ओव्हन उघडलंत आणि म्हणालात, "सायब, वरनं रंग आलाय, पर आत बर्फ हाय. आजून पाऊण तास लागंल." मी दारात नाकाला रुमाल लावून उभा होतो. म्हणालो, "रंग आलाय ना? मग वाढा." तुम्ही म्हणालात, "आवो, कच्चं हाय." मी म्हणालो, "मी सांगतो आहे."

पुढचं तुम्हाला माहीत आहेच. तिघेही आजारी पडले, एक आठ दिवस दवाखान्यात होता.

साहेब लोक खोळंबले होते म्हणून मी घाई केली, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. त्यांच्या हातात बिअर होती, गप्पा चालल्या होत्या, तासभर कोणी हाक मारली नसती. मला त्या वासात आणखी पाऊण तास उभं राहायचं नव्हतं, एवढंच. त्यासाठी तुमची नोकरी गेली.

चौकशीत मला विचारलं, "स्वयंपाक्याने तुम्हाला काही सांगितलं होतं का?" मी म्हणालो, नाही. तुम्ही समोरच बसला होतात. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि गप्प राहिलात. मी खोटं बोलेन हे तुमच्या ध्यानातच आलं नव्हतं, असं मला वाटतं. बाहेर व्हरांड्यात तुम्ही म्हणालात, "सायब, तुमाला पोरंबाळं हायेत, व्हय. पर मलाबी हायेत." मी चष्मा पुसत राहिलो.

आता तुम्ही म्हणाल, मग हे सुई-बिईचं नाटक कशाला? मलाही तो प्रश्न पडला. कोंबडी कच्ची होती हे मला त्या दिवसापासून माहीत होतं, त्याला थर्मामीटर नको होता. पण मी खोटं बोललो हे उघड म्हणायची छाती होत नव्हती. हातात आकडा असला तर बोलता येईल असं वाटलं. भित्र्या माणसाला असला काहीतरी टेकू लागतो.

काल यशवंतरावांना भेटलो. आमचे पर्सोनेल ऑफिसर, चौकशीला तेच होते. लेखी दिलं, की स्वयंपाक्याने कोंबडी कच्ची असल्याचं दोनदा सांगितलं होतं आणि मी ती वाढायला लावली. त्यांनी वाचलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला. म्हणाले, "सप्रे, फाइल बंद झाली. साहेब बरे होऊन मायदेशी गेले. तुमच्या निवृत्तीला पाच वर्षं राहिलीत. कशाला?" मी कागद उचलला नाही. अखेर त्यांनी तारीख दिली. सोमवार, २८ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजता फेरचौकशी. तुम्हाला कंपनीचं पत्र येईल. आलं नाही तरी या.

सुमेधाला रात्री सांगितलं. तिने आधी अंथरुणं घातली. मग म्हणाली, "नोकरी गेली तर बघू. त्यांची तर गेलीच आहे."

तुम्हाला परत घेतील की नाही, मला सांगता येत नाही. जत्रेच्या पंचांना माझी गरज वाटली तर मी तुमच्या गावी येऊन चावडीवर हेच बोलेन. माफी मागत नाही, कारण तुम्ही भिडेखातर ती देऊन टाकाल.

एक मात्र करा. हे पत्र खिशात घालून या. मी एकदा त्याच खोलीत, त्याच टेबलाशी, तुमच्या डोळ्यांदेखत फिरलो आहे. पुन्हा फिरणार नाही असं म्हणतो, पण माझ्या म्हणण्यावर तुम्ही का विसंबावं? सोमवारी माझी जीभ अडखळली तर वाट पाहू नका. हे त्यांच्यापुढे ठेवा.

तुम्ही "आत बर्फ हाय" आणि "कच्चं हाय" म्हणालात, ते दोन्ही वेळा नीट ऐकलेला,

मुकुंद विष्णू सप्रे